व्हर्लीन टिलरीची हाळी

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात आमचं टॅलिस क्रीक गाव आहे, तिथे व्हर्लीन टिलरीचा आवाज माहीत नसलेला माणूस तर सोडाच, कुत्रंही सापडणार नाही. तीसेक वर्षं तिने शाळेची पिवळी बस चालवली, पण हॉर्न वाजवल्याचं कुणाला आठवत नाही. दारापुढे बस उभी करायची, खिडकीतून मान बाहेर काढायची आणि पोराचं नाव, मधल्या नावासकट, असं ठणकावून घ्यायचं की ते एका पायात बूट नि एक बूट हातात अशा अवस्थेत धावत यायचं. मधलं नाव आईबाप फक्त रागावल्यावर घेतात, म्हणून पोरं तिच्यापुढे जरा वचकून असत. पण बसमध्ये चढलं की तीच बाई म्हणायची, "ये राजा, बस. पोटात काही गेलंय का?" नसेल गेलं, तर डॅशबोर्डखालच्या डब्यात मक्याचा पाव असायचाच.

ही झाली तिची रोजची हाक. तिची खरी हाळी ऐकायची तर मे महिन्यात यावं लागे.

मे महिन्यात हायस्कूल संपवणाऱ्या पोरांचा सोहळा होतो. निळे झगे, चौकोनी टोप्या, बास्केटबॉलच्या हॉलमध्ये मांडलेलं स्टेज. एकेकाचं नाव पुकारतात, पोरगं स्टेजवरून चालत जातं आणि डिप्लोमा घेऊन उतरतं. नाव पुकारलं की काळ्यांच्या घरातली माणसं गप्प बसत नाहीत. आईकडची, बापाकडची, चर्चच्या बाकावरची सगळी उभी राहतात आणि हाळी देतात, "हेच ते! आमचं लेकरू!" काहींना हा दंगा वाटतो. वाटू दे. ज्यांच्या पणजोबांना अक्षर शिकताना पकडलं तर चाबकाने फोडून काढत, त्यांच्या घरातलं नाव स्टेजवरून पुकारलं जातंय आणि त्यांनी बोटांच्या टोकांनी टाळ्या वाजवायच्या, हे माझ्या बुद्धीला तरी पटत नाही.

व्हर्लीन आपल्या घरच्यांसाठी हाळी द्यायचीच, पण ज्यांचं कुणी आलेलं नाही त्यांच्यासाठीही द्यायची. आमच्याकडे निम्म्या आया कोंबडीच्या कारखान्यात पाळीवर असतात आणि मुकादम सुट्टी देत नाही. मग पोरगं एकटंच स्टेजवर जातं, दोन-चार टाळ्या पडतात आणि ते मान खाली घालून उतरतं. व्हर्लीनला ते बघवत नसे. तिच्या बसमधलं असलं, की मग ते काळं असो, गोरं असो, मेक्सिकोहून आलेल्यांचं असो, तिची हाळी ठरलेली. लोक विचारायचे, "मिस व्हर्लीन, ते तुमचं कोण?" ती म्हणायची, "बारा वर्षं माझ्या पाठीमागे बसलंय. आणखी किती जवळचं पाहिजे?"

हा गुण तिने बापाकडून घेतला होता, आणि बापाने त्याची किंमत मोजली होती. व्हर्लीन सोळा वर्षांची असताना कोर्टाच्या हुकुमाने काळ्यांची शाळा बंद झाली आणि ती नि तिच्या बरोबरीची पोरं गोऱ्यांच्या शाळेत गेली. वर्गात कुणी शेजारी बसेना. मास्तर हात वर केलेला दिसत असूनही दुसऱ्याला विचारायचे. तशी दोन वर्षं काढून ती सोहळ्याला उभी राहिली. शाळेच्या सुपरिंटेंडंटने आधीच बजावलं होतं, की हा सभ्य लोकांचा कार्यक्रम आहे, कुणी आवाज करायचा नाही. मागच्या रांगांत काळे आईबाप मांडीवर टोप्या ठेवून गुपचूप बसले होते. तिचं नाव आलं आणि लाकडाच्या गिरणीत ओंडके ओढणारा तिचा बाप, जो घरातही चार शब्दांवर पाचवा बोलत नसे, उभा राहून गरजला, "माझी पोर आहे ती!" सोमवारी गिरणीने त्याला काढून टाकलं. बायको रडायला लागली तेव्हा तो म्हणाला, "काम काय, दुसरं मिळेल. पोरीचं नाव पुन्हा तिथून कोण घेणार होतं?" व्हर्लीन हे सांगते तेव्हा तिचे डोळे भरून येतात, पण मान ताठ असते.

इतकी वर्षं हे चाललं. अधूनमधून कुणी नाक मुरडायचं, पण नियम कुणी केला नव्हता. मग वॉरन एन्सवर्थ शाळा मंडळाचा अध्यक्ष झाला. ट्रॅक्टरच्या दुकानाचा मालक, चर्चला नियमित जाणारा, सगळ्यांशी हसून बोलणारा माणूस. शुक्रवारी रात्री फुटबॉलच्या मैदानावर आपल्या शाळेने गुण मिळवला की गाईच्या गळ्यातली भलीमोठी घंटा दोन्ही हातांनी बडवायची, ही मिसिसिपीची रीत. त्या घंटेने शेजारच्याच्या कानाचे पडदे फाटतील, पण ती परंपरा. सोहळ्यातली हाळी मात्र बेशिस्त. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय!

गेल्या वर्षी मार्कीस प्रुइट नावाच्या पोराचं नाव पुकारलं आणि त्याच्या आईने एकदाच हाळी दिली. आमच्याकडे डिप्लोमा मंडळाचा अध्यक्ष स्वतःच्या हाताने देतो. एन्सवर्थने पुढे केलेला हात मागे घेतला, मार्कीसचा डिप्लोमा पाठीमागच्या टेबलावर ठेवला आणि सगळ्या गावादेखत त्याला हाताने खुणावलं, की पुढे चल. पोरगं रिकाम्या हाताने उतरलं. शिक्षा म्हणून मैदानातल्या बाकांची झाडलोट करून ऑगस्टमध्ये त्याला कागद मिळाला, तोवर ज्या नोकरीसाठी तो हवा होता ती गेली होती. आईने ओरडायचं आणि पोराने भोगायचं. चोर सोडून संन्याशाला फाशी. गावात महिनाभर आरडाओरड झाली, म्हणून या वर्षी मंडळाने काय करावं? तोच प्रकार नियम म्हणून लिहून काढला. ज्या विद्यार्थ्यासाठी प्रेक्षकांतून आवाज येईल, त्याचा डिप्लोमा अडकवला जाईल. आवाज करणाऱ्याला हॉलबाहेर काढलं जाईल.

आणि नेमकी याच वर्षी व्हर्लीनची नात जेरुशा हायस्कूल संपवत होती.

जेरुशाला व्हर्लीननेच वाढवलं. आजी जितकी दणदणीत, तितकी नात हळू. चर्चमध्ये गातानाही शेजारच्याला ऐकू जाणार नाही अशी गायची. पण अभ्यासात पक्की. जॅक्सनच्या कॉलेजात नर्सिंगला जागा मिळाली होती. सोहळा शुक्रवारी, उन्हाळी वर्ग सोमवारी, आणि दाखल होताना डिप्लोमा दाखवायचा होता.

एका संध्याकाळी आजी मासे तळत असताना ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"मोठी आई, एक मागू?"

"तळून झालं की देते. हात धू."

"मासा नाही गं. माझं नाव घेतील ना, तेव्हा... तू ओरडू नकोस."

व्हर्लीनने झाऱ्या तसाच धरला. कढईतला तुकडा करपायला लागला तरी तिचं लक्ष नव्हतं.

"राज्यघटनेत बोलायचं स्वातंत्र्य आहे, तूच धडा वाचून दाखवला होतास मला."

"आहे की. पण घटना सोमवारी माझ्याबरोबर जॅक्सनला येणार नाही. कागद यायला पाहिजे." मग आणखी हळू, "मार्कीस स्टेजवरून उतरला तेव्हा मी त्याच्या मागच्याच दारात उभी होते, मोठी आई. त्याला हात कुठे ठेवावेत कळत नव्हतं."

व्हर्लीनला राग आला, पण पोरीचा नाही. बापाने हाळी दिली तेव्हा काम गेलं ते बापाचं गेलं होतं. या लोकांनी आता शहाणपणा केला होता. तोंड आजीचं आणि मान नातीची, अशी दोरी बांधून ठेवली होती. तिने गॅस बंद केला आणि म्हणाली, "तुझा कागद माझ्यामुळे अडणार नाही. झालं? आता हात धू."

पण गप्प बसते ती व्हर्लीन कसली! मंडळाच्या सभेत गावकऱ्यांना बोलायची मुभा असते, प्रत्येकाला तीन मिनिटं. ती चर्चचा जांभळा पोशाख आणि टोपी घालून गेली. माउंट नेबो चर्चमधल्या दहा-बारा बायका सोबत होत्या. एन्सवर्थने सुरुवातीलाच बजावलं, की श्रोत्यांनी मध्ये बोलायचं नाही, माना डोलवायच्या असतील तर डोलवा.

इथेच घोटाळा झाला. आमच्या चर्चमध्ये बोलणारा कधी एकटा बोलत नाही. त्याने एक वाक्य टाकायचं, आणि बाकांवरून जबाब यायचा, "हो!", "सांग, बाई!", "आमेन!" त्या जबाबावर पाय ठेवून तो पुढच्या वाक्यावर चढतो. व्हर्लीनला बोलायची ती एकच रीत ठाऊक. ती म्हणाली, "माझ्या बापाने या शाळेत एकदाच तोंड उघडलं," आणि थांबली. बायकांचे ओठ हलले, पण आवाज नाही. ती पुढे म्हणाली, "आणि त्याला त्याची शिक्षा झाली," आणि पुन्हा थांबली. मागे कुणीतरी हातरुमाल तोंडात कोंबला. असं प्रत्येक वाक्यानंतर ती न येणाऱ्या जबाबासाठी थांबत राहिली, आणि गाडी रुळावर येते न येते तोच घड्याळ वाजलं.

"वेळ संपली, व्हर्लीन," एन्सवर्थ हसत म्हणाला.

"मिसेस टिलरी," ती म्हणाली.

"बरं, मिसेस टिलरी. वेळ संपली."

"एकच विचारते आणि बसते. हा नियम कुणाकुणाला?"

"प्रत्येक विद्यार्थ्याला. काळा-गोरा काही नाही. इथे अपवाद नसतो."

"आणि आवाज घरच्यांनीच करायला पाहिजे असं काही?"

"कुणीही केला तरी. नाहीतर उद्या तुम्ही शेजाऱ्याला ओरडायला सांगाल!" सभेत हशा पिकला, आणि तो स्वतःवर खूश झाला.

"आभारी आहे," व्हर्लीन म्हणाली आणि टोपी सरळ करत खाली बसली. सोबतच्या बायकांना वाटलं म्हातारी हरली. बाहेर आल्यावर एकीने तिच्या पाठीवरून हात फिरवला, तर ही हसतेय!

"हसतेस काय गं? तीन मिनिटांत तुझं नीट एक वाक्य झालं नाही."

"माझं कुठलं, त्याचं झालं ना," व्हर्लीन म्हणाली. "बाई, सोहळ्यात पहिलं नाव कुणाचं येतं?"

आडनावांच्या क्रमाने पोरं जातात. टिलरी जवळजवळ शेवटी. आणि सगळ्यांत पहिला, इंग्रजी ए वरून, कोल्बी एन्सवर्थ. अध्यक्षाचा धाकटा मुलगा.

बायकांनी तोंडावर हात ठेवले. एक म्हणाली, "पण व्हर्लीन, त्या पोराचा काय दोष?"

हा प्रश्न व्हर्लीननेही स्वतःला विचारला होता. कोल्बी तिच्या बसमधलाच, स्वतःची गाडी मिळेपर्यंत दहा वर्षं ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर बसलेला. बोबडा होता लहानपणी, पोरं चिडवायची, म्हणून तिने त्याला तिथे बसवलं होतं. वॉरन एन्सवर्थ पोटच्या पोराचा कागद सगळ्या गावासमोर अडवणार नाही, याची तिला सूर्य उगवण्याइतकी खात्री होती. तरीही ती रविवारी चर्चनंतर ट्रॅक्टरच्या दुकानामागे त्याला गाठायला गेली. तो ट्रक धूत होता.

"कोल्बी वेन एन्सवर्थ!"

त्याच्या हातातून नळी पडली. "काय झालं, मिस व्हर्लीन?"

तिने सरळ सांगितलं. लपवाछपवी तिच्या रक्तात नाही. ऐकून त्याने नळ बंद केला आणि ओले हात पँटला पुसले.

"बाबा चिडतील."

"चिडतील. नको म्हणालास तर नाही देणार मी हाळी. तुझं नाव आहे, हुकूम तुझा."

"नाही, तसं नाही," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. "तुम्ही सगळ्यांसाठी देता. मला वाटलं होतं, नियम झाला, आता माझी राहिली."

व्हर्लीन घरी येईपर्यंत गाणं गुणगुणत होती.

शुक्रवारी हॉल गच्च भरला होता. थंड हवेचं यंत्र दमलं होतं, म्हणून पार्किंगकडची दारं खुर्च्या लावून उघडी ठेवली होती. दाराशी शेरीफचा माणूस लॉनी स्ट्रिकलंड कमरेवर हात ठेवून उभा. स्टेजवर एन्सवर्थने नियम पुन्हा वाचून दाखवला. कुणीही, कुणासाठीही, अपवाद नाही. जेरुशा मागून दुसऱ्या रांगेत बसली होती. तिने एकदा वळून आजीकडे पाहिलं, आणि आजीने डोळ्यांनीच तिला पुढे बघायला सांगितलं.

"कोल्बी वेन एन्सवर्थ."

पोरगं पायरी चढलं. बापाने डिप्लोमा उचलला. आणि तिसऱ्या रांगेतून जांभळी टोपी वर आली.

"कोल्बी वेन एन्सवर्थ! चाल राजा, चाल! आमचं लेकरू आहे ते!"

छताच्या पत्र्याला कंप सुटेल अशी हाळी. हॉल असा चिडीचूप झाला की पंख्यांची घरघर ऐकू येऊ लागली. एन्सवर्थचा हात हवेत तसाच राहिला, त्यात पोराचा कागद. गेल्या वर्षी ज्या टेबलावर मार्कीसचा कागद गेला होता, ते त्याच्या पाठीमागे दोन पावलांवर होतं. त्याने टेबलाकडे पाहिलं. पहिल्या रांगेत बसलेल्या बायकोकडे पाहिलं. ती त्याच्याकडे अशी बघत होती की त्या संध्याकाळी घरी जेवण मिळेल की नाही याची त्यालाच शंका आली असावी. आणि कोल्बी? तो स्टेजच्या मधोमध उभा राहून व्हर्लीनकडे बघून दोन्ही हात हलवत होता, पाच वर्षांचं पोर बसच्या खिडकीतून हलवतं तसे.

एन्सवर्थने डिप्लोमा पोराच्या हातात दिला.

साऱ्या गावाने पाहिलं होतं. मात्र अध्यक्षाला राग कुठेतरी काढायचा होता. त्याने माइकमधून हुकूम केला, "त्या बाईंना बाहेर न्या."

लॉनी आला. तोही बसमधलाच, वीस वर्षांपूर्वीचा. "मिस व्हर्लीन," तो कानाशी म्हणाला, "चला ना. मला उचलायला लावू नका. माझी पाठ धरलीय."

"लॉनी जेम्स स्ट्रिकलंड, मला चालता येतं," ती म्हणाली. आणि निघाली. ही गोष्ट तिने गृहीत धरली होती. बाहेर काढतील हे त्याच नियमात लिहिलेलं होतं. तरी दाराशी पोचल्यावर तिने वळून पाहिलं. निळ्या टोप्यांच्या गर्दीत जेरुशाची टोपी कुठली ते तिला दिसेना. जिला तिने दूध पाजून, वेण्या घालून, तापात उशाशी बसून वाढवलं, तिला स्टेजवरून चालताना बघणं तिच्या नशिबी नव्हतं. ही किंमत तिने ठरवून मोजली होती, पण म्हणून ती कमी दुखत नव्हती.

बाहेर डांबर तापलेलं. ती एका ट्रकच्या सावलीत टेकली, लॉनी शेजारी उभा राहिला. आतून दुसरं नाव पुकारल्याचा आवाज आला, कुणा मेक्सिकन पोरीचं. मग एक बारीकसा, घाबरलेला बायकी आवाज उठला. दोघांनी दाराकडे कान लावले. आतून तिसरं नाव आलं. म्हणजे दुसरीला कागद मिळाला होता. तिसऱ्याला तीन-चार गळे ओरडले. चौथ्याला अख्खी रांग. पाचव्याला कुणा गोऱ्या बाईने पर्समधून गाईची घंटा काढून वाजवली, आणि मग काही विचारू नका. भिंती हालत होत्या.

"अपवाद एकदा केला ना," लॉनी गालात हसत म्हणाला, "की मग तोच नियम होतो."

"गप बस, मला ऐकू दे."

नावांमागून नावं गेली. टी वरून सुरू झाली तशी व्हर्लीन उठली आणि उघड्या दाराच्या दिशेने चालू लागली. लॉनी आडवा आला नाही. "मला हॉलबाहेर काढायला सांगितलंय," तो म्हणाला. "पार्किंगचं कुणी काही बोललं नाही."

"जेरुशा मरी टिलरी."

व्हर्लीनने पाय रोवले, छाती भरून घेतली, आणि त्या दारातून आपलं सगळं आयुष्य आत फेकलं. "जेरुशा मरी टिलरी! माझी पोर आहे ती!"

हॉल दणाणला. माउंट नेबोच्या बायका, कारखान्याच्या कपड्यांतच आलेल्या आया, पोरं, घंटा. आणि त्या सगळ्या गदारोळात माइकमधून एक आवाज आला, जो टॅलिस क्रीकमध्ये त्याआधी कुणी इतका मोठा ऐकला नव्हता. शब्द दोनच होते, पण भोंग्यांमधून ते पार्किंगच्या पार टोकापर्यंत, हायवेपर्यंत गेले.

"मोठी आई!"

व्हर्लीनने तोंडावर दोन्ही हात धरले. लॉनीने टोपी काढली. मग निळा झगा दोन्ही हातांनी वर धरून जेरुशा त्या दारातून बाहेर आली, रांगेत परत न जाता, तडक स्टेजवरून. काखेत डिप्लोमा होता. तिने तो उघडून आजीसमोर धरला आणि व्हर्लीनने त्यावरचं नाव बोट फिरवत, मधल्या नावासकट, पुन्हा एकदा मोठ्याने वाचलं.